फादर स्टीफन्स यांची कीर्ति आणि त्यांची श्रद्धा

(१)

ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर तोमास स्टीफन्स यांचें नांव आज मुख्यतः तीन कारणांनीं घेतलें जातें. हिंदुस्थानांत येऊन कायमचा राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इंग्लंडचे इतिहासकार त्यांस ओळखतात. येथील भाषांचें ग्रीक व लॅटिन या भाषांशीं असलेलें साम्य टिपून ठेवणाऱ्या अगदीं पहिल्या युरोपियनांपैकीं एक म्हणून भाषाशास्त्रज्ञ त्यांचा निर्देश करतात. आणि मराठी ओवींत सुमारें अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचणारा परदेशीय कवि म्हणून आपण महाराष्ट्रीय त्यांस मान देतों. हे तिन्ही मान योग्यच आहेत. परंतु यांतील एकहि मान खुद्द फादर स्टीफन्स यांनीं मागितलेला नव्हता, इतकेंच नव्हे, तर त्यांच्या हयातींत त्यांतील बहुतेक त्यांच्या वांट्यासहि आले नाहीत.

एखाद्या पुरुषाची योग्यता आपण आपल्या मापानें मोजतों, तेव्हां त्याचें स्वतःचें माप कोणतें होतें हें पाहाणें इतिहासाचें कर्तव्य आहे. फादर स्टीफन्स यांनीं लौकिक यश आणि स्वतःचा अभिमान यांच्याहून ख्रिस्ती श्रद्धा थोर मानली, असें त्यांचे चरित्रकार म्हणत आले आहेत. भाविकांनीं केलेलें असें विधान संशोधकानें जसेंच्या तसें स्वीकारूं नये, तसेंच तें केवळ भाविकांचें म्हणून टाकूनहि देऊं नये. त्यास पुरावा काय आहे व त्या पुराव्याची मर्यादा कोठें संपते, एवढेंच प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे. पुरावा म्हणजे त्यांचीं पत्रें, समकालीन प्रवाशांच्या नोंदी, पुराणास जोडलेली त्यांची गद्य प्रस्तावना आणि पुराणाची रचना.

(२)

स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांतील बुश्टन या गांवीं झाला. वडील लंडन येथील व्यापारी होते. त्यावेळीं इंग्लंडांत एलिझाबेथ राणीचा अंमल असून रोमच्या पोपची सत्ता मानणाऱ्या कॅथलिक पंथीयांवर दंड, जप्ती व तुरुंग यांची टांगती तलवार असे. त्या पंथाच्या तरुणास राजदरबारीं, विद्यापीठांत किंवा न्यायालयांत वर चढण्याचा मार्ग जवळ जवळ बंद होता. अशा काळांत स्टीफन्स यांची गांठ तोमास पाउंड या गृहस्थाशीं पडली. या मैत्रीचें वर्णन मराठींत फारसें आलेलें नाहीं. म्हणून तें येथें थोडें विस्तारानें देतों.

पाउंड हा हॅम्पशायरमधील श्रीमंत घराण्यांतील पुरुष. साउथॅम्पटनच्या पहिल्या अर्लची बहीण ही त्याची आई. दरबारांत त्याचें वजन चांगलें असून नृत्य व नाट्य यांमध्यें तो प्रवीण होता. इ. स. १५६९ च्या सुमारास नाताळाच्या एका समारंभांत राणीपुढें नाचत असतां त्याचा तोल जाऊन तो पडला. राणीनें त्यास लाथ मारून बैलाची उपमा देऊन उठावयास सांगितलें व सारा दरबार हंसला, अशी कथा आहे. पाउंडनें उठतांना ‘जगाचें वैभव असेंच सरतें’ या अर्थाचें प्रसिद्ध लॅटिन वचन उच्चारलें आणि तो दरबार कायमचा सोडून गेला, असें ही परंपरा सांगते. कथेंतील बारकाव्यांवर कोणीं विश्वास ठेवावा वा न ठेवावा. पण पाउंडनें दरबार सोडला, तो कॅथलिक पंथाच्या प्रचारास लागला आणि पुढें सुमारें तीस वर्षें त्यानें निरनिराळ्या तुरुंगांत काढलीं, या गोष्टी कागदोपत्रीं सिद्ध आहेत.

स्टीफन्स हे या पाउंडबरोबर वेष पालटून हिंडत. पाउंड हा धनी आणि स्टीफन्स हे त्याचे नोकर, असा तो देखावा असे. व्यापाऱ्याच्या शिकलेल्या मुलानें दुसऱ्याच्या मागें चाकराच्या पोषाखांत फिरावें, ही गोष्ट त्या काळच्या इंग्लंडांत लहान नव्हती. दोघांनीं मिळून रोमला जावें व जेझुइट संघांत प्रवेश करावा असा बेत ठरला होता. परंतु निघण्यापूर्वींच पाउंड पकडला गेला. स्टीफन्स एकटेच रोमला पोंचले आणि इ. स. १५७५ च्या ऑक्टोबरांत सांत आंद्रेआ येथील नवशिक्यांच्या मठांत दाखल झाले.

तेथून हिंदुस्थानास येण्यापूर्वीं त्यांनीं जें शेवटचें महत्त्वाचें काम केलें, तें स्वतःसाठीं नव्हतें. तुरुंगांत पडलेल्या मित्रास संघांत घ्यावें म्हणून त्यांनीं संघाच्या मुख्याधिकाऱ्याकडे विनंति केली व ता. १ डिसेंबर १५७८ च्या पत्रानें पाउंडचा प्रवेश मान्य झाला. दरबारांतील मानकरी तुरुंगांत बसून संघाचा साधा सेवक बंधु झाला आणि त्याचा नोकर म्हणविणारा त्याचा कैवारी झाला. दोघांच्याहि पुढील आयुष्याचें सूत्र येथेंच हातीं लागतें. मानापमानाचें जें माप जगानें त्यांस दिलें होतें, तें त्यांनीं या वेळेपर्यंत टाकून दिलें होतें.

(३)

इ. स. १५७९ च्या एप्रिल महिन्याच्या ४ तारखेस लिस्बनहून पांच गलबतांचा तांडा निघाला, त्यांत स्टीफन्स होते. ता. २४ ऑक्टोबर रोजीं ते गोव्यास पोंचले. ता. १० नोव्हेंबर रोजीं त्यांनीं वडिलांस एक सविस्तर पत्र लिहिलें. गलबतावरील आजार, वाऱ्यांच्या दिशा, समुद्रांतील पक्षी व मासे, पूर्व-पश्चिम अंतर निश्चित करण्याचें साधन नसल्यामुळें सुकाणूवाल्यांची होणारी अडचण, या सर्वांचें त्यांत बारीक वर्णन आहे. रिचर्ड हॅक्लुइट यानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या प्रवासवर्णनांच्या मोठ्या संग्रहांत हें पत्र छापलें आणि पूर्वेच्या मार्गाविषयीं इंग्रज व्यापाऱ्यांच्या मनांत जें कुतूहल जागें होत होतें, त्यास त्याची भर पडली. ज्यानें स्वतः व्यापाराचा धंदा सोडला, त्याच्या घरगुती पत्राचा उपयोग व्यापाऱ्यांनीं केला, हा दैवाचा खेळ लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

दुसरें पत्र ता. २४ ऑक्टोबर १५८३ चें असून तें पॅरिस येथें धर्मशास्त्राचे पंडित असलेल्या रिचर्ड या बंधूस लिहिलेलें आहे. या प्रांतांतील भाषा अनेक आहेत, त्यांचा उच्चार कानास गोड लागतो आणि त्यांची घडण लॅटिन व ग्रीक भाषांसारखी आहे, असा अभिप्राय त्यांनीं त्यांत दिला. फिलिप्पो सासेत्ती या इटालियन व्यापाऱ्याचीं अशाच आशयाचीं पत्रें यानंतरचीं आहेत आणि सर विल्यम जोन्स यांचें कलकत्त्यांतील सुप्रसिद्ध व्याख्यान इ. स. १७८६ चें, म्हणजे दोनशेंहून अधिक वर्षें मागाहूनचें आहे. परंतु स्टीफन्स यांनीं या शोधाचा गाजावाजा केला नाहीं. त्यावर प्रबंध लिहिला नाहीं. भावास लिहिलेल्या पत्रांत दोन चार वाक्यांत तो विषय संपला व विसाव्या शतकापर्यंत त्याची वार्ताहि फारशा कोणास नव्हती. भाषा हें त्यांच्या दृष्टीनें कीर्तीचें क्षेत्र नसून माणसांपर्यंत पोंचण्याची वाट होती. वाट कशी आहे तें त्यांनीं पाहिलें, सांगितलें आणि ते पुढें चालूं लागले.

(४)

याच पत्राच्या तीन महिने आधीं, जुलै १५८३ मध्यें, साष्टी प्रांतांतील कुंकळी येथें पांच जेझुइट मारले गेले होते. त्यांचे मुख्य फादर रोदोल्फो आक्वाव्हीव्हा हे इटलींतील आत्रीच्या ड्यूकचे पुत्र व संघाच्या मुख्याधिकाऱ्याचे पुतणे. अकबर बादशहाकडे गेलेल्या पहिल्या जेझुइट मंडळाचे ते प्रमुख होते व त्याच वर्षीं फत्तेपूर शिक्रीहून परत आले होते. राजघराण्याच्या तोडीचें घर आणि बादशहाच्या दरबारांतील मान, दोन्ही मागें ठेवून ते साष्टींतील खेड्यांत काम करावयास गेले आणि तेथेंच त्यांचा अंत झाला. विहिरींत टाकलेले मृतदेह परत मिळवून त्यांची उत्तरक्रिया करण्याचें काम स्टीफन्स यांच्याकडे आलें. पुढें हाच साष्टी प्रांत त्यांचें आयुष्यभराचें कार्यक्षेत्र झाला.

मात्र कुंकळीचा हा प्रसंग एकाच बाजूनें सांगणें न्यायाचें होणार नाहीं. इ. स. १५६७ मध्यें राशोलच्या किल्लेदारानें साष्टींतील देवळें पाडलीं होतीं. गोव्यांत इ. स. १५६० पासून धर्मन्यायालय बसलें होतें व तें मध्यंतरींचीं थोडीं वर्षें वगळतां इ. स. १८१२ पर्यंत चाललें. कुंकळीच्या गांवकऱ्यांनीं जें केलें, तें आपल्या देवस्थानांवर व वतनांवर आलेल्या घाल्याच्या क्षोभांत केलें. आणि त्यानंतर बोलणें करण्याच्या मिषानें गांवच्या प्रमुखांस असोळणें येथील किल्ल्यांत बोलावून पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं त्यांस ठार मारलें. एका बाजूच्या मृतांस पुढें इ. स. १८९३ मध्यें रोमनें धन्य म्हणून गौरविलें. दुसऱ्या बाजूच्या मृतांचें स्मरण गांवानें आपल्यापाशीं ठेवलें. संशोधकाच्या वहींत दोघांचीहि नोंद पाहिजे.

(५)

स्टीफन्स यांच्या स्वभावाची परीक्षा पाहाणारा एक प्रसंग त्याच वर्षाच्या अखेरीस घडला. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स व जेम्स स्टोरी हे चार इंग्रज होर्मूझ येथें हेर म्हणून पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगांत आले. हे प्रॉटेस्टंट राणीचे प्रजाजन. ज्या राजवटीनें पाउंडला तुरुंगांत टाकलें, तिच्याच व्यापाराच्या वाटा शोधावयास निघालेले. स्टीफन्स यांनीं त्यांच्याविषयीं मौन धरलें असतें तरी कोणी दोष दिला नसता. उलट पोर्तुगीज सत्तेच्या डोळ्यांत एका इंग्रज पाद्र्यानें इंग्रज कैद्यांची बाजू घेणें संशयास कारण होण्याजोगें होतें. तरीहि त्यांनीं मध्यस्थी केली व जामिनावर त्यांची सुटका होण्यास मदत झाली. डच प्रवासी लिन्स्खोटेन त्यावेळीं गोव्यांत होता. त्यानें आणि खुद्द त्या इंग्रजांनीं ही हकीगत लिहून ठेविली आहे. स्टोरी हा चित्रकार कांहीं काळ जेझुइटांकडेच राहिला. बाकीचे तिघे इ. स. १५८४ मध्यें गोव्याहून निसटले. पुढें फिच इंग्लंडास परतला व त्याच्या माहितीचा उपयोग ईस्ट इंडिया कंपनीच्या स्थापनेच्या वेळीं झाला.

पंचवीस वर्षांनंतर पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी असाच कैद होऊन गोव्यास आला. आपणांस साह्य करणाऱ्यांत मडगांवच्या विद्यालयाचे प्रमुख तोमास स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचें नांव तोहि आदरानें घेतो. दोन वेगवेगळ्या राष्ट्रांच्या, एकमेकांस अपरिचित प्रवाशांच्या नोंदी, मध्यें पाव शतकाचें अंतर असतांना, एकाच माणसाच्या एकाच गुणाची साक्ष देतात, हा पुरावा भाविक चरित्रांहून अधिक वजनदार आहे.

(६)

आतां पुराणाकडे वळूं. हा ग्रंथ प्रथम इ. स. १६१६ मध्यें राशोल येथें रोमन लिपींत छापला गेला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तपूर्व भविष्यवाद्यांपर्यंतची कथा असून तिचे ३६ ‘अवस्वरू’ म्हणजे अध्याय आहेत. दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र असून त्याचे ५९ अवस्वरू आहेत. छंद ओवीचा, वळण ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेंतील. एकनाथमहाराजांचें निर्याण इ. स. १५९९ मधील, म्हणजे स्टीफन्स गोव्यांत असतांनाचेंच, हें काळाच्या मेळासाठीं लक्षांत ठेवावें.

ग्रंथाच्या आरंभीं जी भूमिका रचिली आहे ती विचार करण्याजोगी आहे. एक ब्राह्मण पाद्र्यास विचारतो कीं, आमच्या जुन्या पोथ्या तुम्हीं वर्ज्य केल्यात. तर मग वेळ घालविण्यास व चित्त रमविण्यास आम्हांस दुसरें पुराण कां करून देत नाहीं? या मागणीचें उत्तर म्हणून कथा सुरू होते. म्हणजे ग्रंथाचा उगम कवीच्या स्फूर्तींत न दाखवितां श्रोत्याच्या गरजेंत दाखविला आहे. सांगणारा ‘पाद्री-गुरु’ श्रोत्यांच्या शंकांस उत्तरें देत जातो. या मागणीमागें जें वाचनाचें दारिद्र्य आहे, तें पोर्तुगीज सत्तेच्या जुलमानें निर्माण झालेलें होतें, हेंहि स्पष्ट आहे. आणि तें झांकून न ठेवतां ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायांत नमूद झालें, हें इतिहासाच्या दृष्टीनें फार मोलाचें आहे.

पहिल्या अवस्वरूंतील मराठीची स्तुति सर्वश्रुत आहे. रत्नें, फुलें, सुगंधी द्रव्यें, पक्षी व वृक्ष यांच्या उपमांनीं सजलेल्या त्या ओव्या शालेय पुस्तकांपर्यंत पोंचल्या आहेत. परंतु त्या ओव्यांच्या तेजांत गद्य प्रस्तावनेंतील एक साधें विधान झांकलें जातें आणि आमच्या मतें स्टीफन्स यांच्या वृत्तीचा खरा पुरावा तेथें आहे. तेथें ते सांगतात कीं, परमेश्वराच्या गोष्टी सांगण्यास ही भाषा योग्य वाटली म्हणून ग्रंथ मराठींत केला. परंतु शुद्ध मराठी मध्यम प्रतीच्या लोकांस कळत नाहीं, म्हणून मागील कवींचे अवघड शब्द टाकले व ठिकठिकाणीं येथील ब्राह्मणांच्या बोलींतील सोपे शब्द मिसळून कवित्व सोपें केलें.

हस्तलिखितांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस या वाक्याचें वजन सांगावयास नको. परक्या भाषेंत काव्य करणाऱ्या पंडितास सर्वांत मोठा मोह असतो तो अवघड शब्दांचा. कारण त्याच्या विद्येची साक्ष तेच देतात. मराठीची इतकी उंच स्तुति करण्याचें सामर्थ्य ज्याच्यापाशीं होतें, त्यास तशीच भाषा शेवटपर्यंत चालविणें अशक्य नव्हतें. पण त्यांनीं जाणून बुजून तिचा डौल कमी केला. येथें विद्येचा अभिमान श्रद्धेच्या कामास गहाण पडला आहे. आज भाषाभ्यासकांस या मिश्रणामुळेंच त्या काळच्या गोमांतकीय बोलीचा अमूल्य साठा मिळाला. मात्र तो लाभ उपफळ होय.

ग्रंथाच्या कथावस्तूंतहि हाच धागा आहे. पहिल्या पुराणाच्या आरंभीं देवदूतांचा अधःपात येतो आणि त्याचें कारण अहंकार हें आहे. दुसऱ्या पुराणाचा नायक गोठ्यांत जन्म घेणारा, सुताराच्या घरीं वाढणारा, शिष्यांचे पाय धुणारा व शेवटीं गुन्हेगाराचें मरण पत्करणारा आहे. हा क्रम बायबलाचाच असल्यामुळें त्यावरून कवीच्या मनाविषयीं एकदम अनुमान काढतां येणार नाहीं. परंतु जो विषय निवडला, तो आणि ज्या रीतीनें मांडला, ती रीति, यांत विरोध नाहीं, एवढें निश्चित म्हणतां येतें.

(७)

लिपीच्या प्रकरणांत त्यांस आपली इच्छा बाजूस ठेवावी लागली. ता. ५ डिसेंबर १६०८ च्या पत्रांत त्यांनीं संघाच्या मुख्याधिकाऱ्यास कळविलें कीं, या देशाच्या भाषेंत व याच देशाच्या अक्षरांत कांहीं पुस्तकें छापलेलीं पाहावीं, अशी पुष्कळ वर्षांची आपली इच्छा आहे. अडचण सांगतांना ते म्हणतात कीं, युरोपांत चोवीस अक्षरांनीं भागतें तेथें येथें जोडाक्षरांमुळें सहाशें ठसे लागतात. परंतु ती संख्या दोनशेंपर्यंत आणतां येईल. म्हणजे मुद्रणाची अडचण त्यांनीं कारागिराप्रमाणें मोजून सोडविली होती. ती योजना सिद्धीस गेली नाहीं. आठ वर्षांनीं पुराण रोमन अक्षरांतच निघालें. मराठीचें देवनागरी खिळ्यांनीं झालेलें मुद्रण पाहावयास विल्यम केरी यांच्या इ. स. १८०५ च्या व्याकरणापर्यंत, म्हणजे जवळ जवळ दोनशें वर्षें थांबावें लागलें.

योजना सफल झाली असती तर देवनागरी मुद्रणाचा आद्य पुरस्कर्ता असा चौथा मान त्यांस मिळाला असता. आपल्या आवडीची लिपी मिळत नाहीं म्हणून त्यांनीं ग्रंथ अडवून धरला नाहीं. त्यांचीं दुसरीं दोन पुस्तकें तर त्यांनीं छापलेलीं पाहिलींच नाहीत. इ. स. १६१९ मध्यें ते गोव्यांतच निवर्तले. ‘दौत्रीना’ हें प्रश्नोत्तररूप पुस्तक इ. स. १६२२ मध्यें आणि कोंकणी भाषेचें व्याकरण, दिओगु रिबैरु प्रभृति सहकाऱ्यांनीं भर घालून, इ. स. १६४० मध्यें राशोल येथें निघालें. हिंदी भाषांपैकीं एकीचें छापलें गेलेलें हें पहिलें व्याकरण मानण्यांत येतें. नांवाचीहि गत अशीच झाली. पोर्तुगीज कागदांत ते ‘तोमास एश्तेव्हांव’ झाले आणि जन्मग्रामावरून पडलेल्या ‘बुश्टन’ या ओळखीचे अपभ्रंश होऊन तें कोणा वेगळ्याच गृहस्थाचें नांव असावें असा भास पुढील लेखकांस झाला.

(८)

येथवरचा पुरावा पाहातां व्यक्तिगत अभिमानाचा त्याग ही गोष्ट फादर स्टीफन्स यांच्या बाबतींत सिद्ध होते, असें आमचें मत आहे. परंतु येथें एक आक्षेप निघतो व तो टाळतां येत नाहीं. जो मनुष्य स्वतःचा अभिमान सोडतो, तो कधीं कधीं आपल्या पंथाचा, संघाचा किंवा राज्याचा अभिमान दुप्पट धरतो. आपण नम्र आहों हें त्यास खरेंच वाटतें. पण ज्यांच्या देवळांच्या जागीं त्याचें देऊळ उभें राहिलें, त्यांस ती नम्रता दिसत नाहीं. स्टीफन्स यांनीं ज्या सत्तेच्या छायेखालीं चाळीस वर्षें काढलीं, ती सत्ता श्रद्धेच्या नांवानें गर्वच करीत होती. पुराणांतहि येथील देवतांविषयीं खंडनाचा सूर आहे. तो त्या काळच्या पाद्र्यास साजेसाच आहे व त्यावर पांघरूण घालण्याचें कारण नाहीं.

तथापि दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या लागतात. एक, ज्या राज्यांत इ. स. १६८४ च्या जून महिन्यांत व्हाइसरॉयनें स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला, त्याच राज्यांत शंभर वर्षें आधीं आलेल्या या पाद्र्यानें परमेश्वराचें वर्णन करण्यास मराठी ही योग्य भाषा ठरविली. येथील लोकांनीं आपली भाषा बदलावी असें त्यानें म्हटलें नाहीं. स्वतःची जीभ बदलली. दुसरी, ज्या पुराण-वाङ्मयास त्याच्या वरिष्ठांनीं वर्ज्य केलें, त्याच्याच छंदाचा, भाषेचा व रचनेचा तो विद्यार्थी झाला. विजेत्या जातींतील मनुष्यानें जितांच्या कवींपाशीं शिष्य होऊन बसणें, हें अभिमान सोडल्याखेरीज होत नाहीं. पंथाचा अभिमान त्यांनीं सोडला असें म्हणतां येणार नाहीं. पण वर्णाचा, राष्ट्राचा व विद्येचा अभिमान सोडला, हें म्हणावें लागतें. न्याय इतकाच, अधिक नाहीं व उणाहि नाहीं.

(९)

शेवटीं पोथ्यांविषयीं. इ. स. १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन वेळां छापलेल्या या ग्रंथाची त्या काळची एकहि छापील प्रत आज ज्ञात नाहीं. तो जगला तो हस्तलिखितांवर. इ. स. १७५९ मध्यें पोर्तुगीज मुलुखांतून जेझुइटांची हकालपट्टी झाली, म्हणजे ग्रंथाच्या पाठीशीं उभा राहील असा संघहि उरला नाहीं. तरी गोव्यांत व मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत त्याच्या नकला होत राहिल्या व पठण चालू राहिलें. इ. स. १७८४ मध्यें टिपू सुलतानानें मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें. त्या कैदेंतहि या पुराणाचा आधार त्यांस होता अशी त्या समाजांतील परंपरा आहे. नकला करणाऱ्यांपैकीं फार थोड्यांचीं नांवें राहिलीं आहेत. कर्त्याप्रमाणेंच लेखकांनींहि नांवाची आस धरली नाहीं आणि म्हणून ग्रंथ राहिला, असें म्हटलें तर तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

या नकलांच्या आधारें जोसेफ साल्ढाणा यांनीं इ. स. १९०७ मध्यें मंगळूर येथें रोमन लिपींत ग्रंथाची आवृत्ति काढली. पुढें जस्टिन ॲबट यांनीं लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी पोथ्यांकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. विल्यम मार्सडेन यानें हा संग्रह इ. स. १८३५ मध्यें लंडनच्या किंग्ज कॉलेजास दिला होता व तेथून तो प्राच्य विद्येच्या शाळेकडे आला. या पोथ्यांत पोर्तुगीज शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द आढळतात. मूळ पाठ हाच, असें ॲबट यांचें मत होतें. रोमन पाठच मूळचा व देवनागरी हा मागाहून केलेला संस्कार, असें मानणारेहि आहेत. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति इ. स. १९५६ मध्यें पुण्यास निघाली. त्यानंतर कारिदाद द्रागो व नेल्सन फल्कांव यांनींहि आवृत्त्या सिद्ध केल्या. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयांत रोमन लिपींत उतरलेल्या जुन्या मराठी-कोंकणी रामायण-महाभारतकथा आहेत. स्टीफन्स यांच्या भाषेचा तौलनिक अभ्यास त्यांच्याशिवाय पुरा होणार नाहीं.

दोन पाठांचा हा वाद प्रस्तुत विषयाशीं निगडित आहे. देवनागरी पाठ मूळचा ठरला, तर १६०८ च्या पत्रांतील इच्छा कवीनें हातांनीं तरी पुरी केली असें होईल. रोमन पाठ मूळचा ठरला, तर छापखान्याच्या सोयीसाठीं तीहि इच्छा त्यांनीं आरंभींच सोडली असें होईल. निर्णय अनुमानानें होणार नाहीं. आणखी पोथ्या, त्यांचे कागद, त्यांचीं अक्षरवळणें व त्यांतील पाठभेद मिळाले पाहिजेत. गोमंतकांतील व दक्षिण कानड्यांतील जुन्या घरांत, देवळांच्या दप्तरांत नव्हे इतक्या वृद्धांच्या पेट्यांत, अशा नकला सांपडण्याचा संभव अधिक. रोमन अक्षरांतील मराठी पोथी दृष्टीस पडली असतां ती परकीय समजून दूर ठेवूं नये. तिचीं आरंभींचीं व शेवटचीं पानें, लेखनकाल आणि लेखकाचें नांव असल्यास तें उतरून घ्यावें. ज्यांनीं आपलें नांव मागें ठेवण्याची काळजी केली नाहीं, त्यांच्या कामाची काळजी करणें हें आपल्याकडे आलेलें काम आहे.